जीपीयूवर पहिला प्रोग्रॅम: गणित कार्डावर न्या आणि तिथेच राहू द्या

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" मी सांगते, आत्ता काहीच घेऊ नका. गूगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन चालवायची गूगलची सोय, उघडा आणि रनटाइम बदलून टी-४ जीपीयू, म्हणजे एनव्हिडियाचं एक कार्ड, निवडा. फुकट असल्यामुळे कधी मिळत नाही, कधी मध्येच तुटतो, पण शिकायला भरपूर आहे. कूडा सी++ही, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डासाठी थेट प्रोग्रॅम लिहायची पद्धत, आत्ता नको. पायथन आणि त्यातली आकड्यांच्या ॲरेंची लायब्ररी नमपाय येत असेल, तर कूपाय घ्या. ती नमपायसारखीच, पण कार्डावर चालते.

स्वतःचं कार्ड असलंच, तर आधी टर्मिनलवर एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची माहिती दाखवणारी कमांड चालवा. वर जी कूडाची आवृत्ती दिसते ती तुमचा ड्रायव्हर कुठपर्यंत चालवू शकतो ते सांगते. ती मशीनवर बसवलेली असतेच असं नाही. १२ च्या घरातली दिसली तर पिपने कूपाय-कूडा१२एक्स बसवा.

नवा प्रोग्रॅम लिहायला बसू नका. नमपायमध्ये नीट चालणारा, उत्तराची खात्री असलेला जुनाच घ्या. मी धातूच्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते ते देते: ४०९६ × ४०९६ बिंदूंचं जाळं, दर पायरीला प्रत्येक बिंदूचं नवं तापमान चार शेजाऱ्यांवरून काढायचं. लाखो बिंदूंना एकच गणित, आणि त्या पायरीत कोणी कोणासाठी थांबत नाही. कार्डाला हेच हवं असतं. एकाच लंबकाची गती पायरीपायरीने काढायची असेल, तर सीपीयूच बरा.

बदल किरकोळ आहे. नमपायऐवजी कूपाय इम्पोर्ट करा, सुरुवातीचा ॲरे 'ॲज-ॲरे'ने कार्डावर चढवा, शेवटी 'ॲज-नमपाय'ने उतरवा. मधलं स्लायसिंग, म्हणजे ॲरेचे तुकडे घेणं, तसंच राहतं. बिंदूबिंदूवर फिरणारा फॉर-लूप असेल तर मात्र तो आधी मोडा. तो कार्डावर सीपीयूपेक्षाही रडत चालेल.

खरी गंमत या चढ-उतारात आहे. फ्लोट-३२ मध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला ३२ बिट धरून, आपलं जाळं साधारण ६७ एमबीचं. टी-४ च्या मेमरीचा वेग कागदावर सेकंदाला ३२० जीबी, म्हणजे ते एकदा वाचायला ०.२ मिलिसेकंद. तेच जाळं सोळा लेनच्या पीसीआय एक्सप्रेस ३ वरून, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या रस्त्यावरून, कॉम्प्युटरच्या मेमरीत आणायला किमान ४ मिलिसेकंद. दर पायरीला आलेख काढायचा म्हणून जाळं खाली आणणं म्हणजे कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दर वेळी मार्केट यार्ड गाठणं. हजार पायऱ्या वर होऊ द्या, मग एकदाच उतरवा.

काही फेऱ्या तर दिसतही नाहीत. लूपमध्ये "फरक इतका कमी झाला का?" असा साधा इफ घातला, की एका आकड्यासाठी सीपीयू हातातलं सगळं थांबवून कार्डाची वाट बघतो. ती तपासणी शंभर पायऱ्यांतून एकदा करा.

आता वेळ मोजणं. मुलं नेहमीसारखं घड्याळ लावतात आणि हजारपट वेग आला म्हणून पेढे मागवायच्या तयारीत असतात. प्रत्यक्षात कूपाय कार्डाला काम सांगून लगेच परत येतं. काम तिकडे चालूच असतं. घड्याळ थांबवण्याआधी 'सिंक्रोनाइझ' करायलाच हवं. पहिल्या फेरीत कर्नल, म्हणजे कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, कंपाइल होण्याचाही वेळ मिसळतो, म्हणून ती फेरी सोडून द्या. कूपायसोबतच येणाऱ्या कूपायएक्सच्या प्रोफायलरमधलं 'बेंचमार्क' हे दोन्ही सांभाळतं. मी तेच वापरायला लावते.

फ्लोटचा प्रश्न थोडा शांतपणे बघा. नमपाय न सांगता फ्लोट-६४ धरतं, आणि टी-४ चा फ्लोट-६४ मधला गणिताचा वेग फ्लोट-३२ च्या ३२ व्या हिश्शाएवढाच आहे. हे वाचून लोक घाबरतात. आपल्या पत्र्याच्या गणितात मात्र तेवढा फटका बसत नाही, साधारण दुपटीचा बसतो. कारण इथे अडतं ते मेमरीतून आकडे आणण्यात, बेरीज-गुणाकारात नाही. मोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकार असतील तर तो ३२ चा आकडा खरंच बोचतो. मग ए-१०० सारखं कार्ड लागतं, जिथे फ्लोट-६४ चा वेग फ्लोट-३२ च्या निम्मा असतो. पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकात हीच कार्डं आहेत. पण तिकडे अर्ज करण्याआधी टी-४ वर प्रोग्रॅम धड चालू दे.

ॲरे डिलीट केला तरी एनव्हिडिया-एसएमआयमध्ये मेमरी भरलेलीच दिसेल. घाबरू नका, कूपाय ती पुढच्या कामासाठी आपल्या पूलमध्ये, म्हणजे राखीव साठ्यात, धरून ठेवतं.

मोठ्या जाळ्याकडे जाण्याआधी ६४ × ६४ चं जाळं दोन्हीकडे चालवून उत्तरं 'ऑलक्लोज'ने ताडून बघा. फ्लोट-३२ मध्ये साधारण सातच अंक भरवशाचे असतात आणि कार्ड बेरजा वेगळ्या क्रमाने करतं, त्यामुळे शेवटचे अंक जुळणार नाहीत, ते चालतं. तिसऱ्याच अंकाला फरक दिसला, तर आधी कडेच्या ओळींचं स्लायसिंग तपासा आणि दोन्हीकडे काळाची पायरी तीच आहे ना ते बघा.