पेशंटवर स्टडी करायचाय? कन्सेंट फॉर्म सगळ्यात आधी लिहा

थीसिस असो नाहीतर मोठी ड्रग ट्रायल, एथिक्सचं काम बहुतेक जण शेवटाला ठेवतात. प्रोटोकॉल (स्टडीचा लेखी आराखडा) झाला, सॅम्पल साईझ (किती पेशंट लागतील ते) निघाली, गाईडची सही झाली, मग सिनियरचा जुना कन्सेंट फॉर्म, म्हणजे पेशंटचं संमतीपत्र, घ्यायचा, टायटल बदलायचं आणि एथिक्स कमिटीकडे, म्हणजे स्टडीला मंजुरी देणाऱ्या समितीकडे, ढकलायचा. तो परत आला की चिडचिड. माझं म्हणणं, उलटं करा. कन्सेंट फॉर्म सगळ्यात आधी लिहायला बसा, अगदी साध्या भाषेत. पेशंट विचारेल तसं, माझ्यावर नेमकं काय करणार, त्रास काय होऊ शकतो, मला काय फायदा, आणि मी नाही म्हटलं तर काय, या चार गोष्टी तुम्हाला लिहिता येत नसतील तर घोळ स्टडीच्या डिझाईनमध्येच आहे आणि तो आत्ता सापडलेला बरा.

वाचायचं काय, तर वर्ल्ड मेडिकल असोसिएशनचं हेलसिंकी घोषणापत्र, म्हणजे माणसांवरच्या मेडिकल रिसर्चची नैतिक तत्त्वं. १९६४ चं आहे, अधूनमधून बदलत आलंय, ताजी सुधारणा २०२४ ची. थोडक्यातच आहे, एका बैठकीत होतं, तरी लोक न वाचताच प्रोटोकॉलमध्ये त्याचं नाव टाकतात हे वेगळं सांगायला नको. आणि आपापल्या देशाचे नियम वेगळे वाचावे लागतात, कारण कायदा म्हणून तेच लागू होतात.

कमिटीची मंजुरी पहिला पेशंट घेण्याआधी, नंतर नाही. "नुसती प्रश्नावली तर आहे" किंवा "जुन्या केसपेपरवरूनच डेटा काढायचाय" हे आपलं आपण ठरवून मोकळं व्हायचं नाही, सूट द्यायची की नाही ते कमिटी ठरवते. ट्रायल असेल तर पब्लिक रजिस्ट्रीतली (ट्रायलची माहिती कुणालाही बघता येते अशा यादीतली) नोंदणीही पहिल्या पेशंटच्या आधीच. मोठ्या मेडिकल जर्नलांच्या संपादकांनी २००५ पासून ही अटच घातलीय, त्यामुळे इथे चुकलात तर पेपर छापतानाही अडकणार.

रिस्कचा भाग लिहिताना "कमीत कमी धोका" एवढं वाक्य टाकून पुढे जाऊ नका. धोका कोणता, किती जणांना होऊ शकतो, झालाच तर तो कसा आणि किती लवकर कळेल, आणि तोवर आपण काय केलेलं असेल, हे लिहा. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाचं औषध माणसाला पहिल्यांदाच देत होते, सहा धडधाकट तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग एक डोस दिले, पहिल्याला काय होतंय हे दिसायच्या आत बाकीच्यांनाही औषध गेलेलं होतं, आणि सहाही जण आयसीयूत. वाचले सगळे, पण त्यानंतर नवीन औषध आधी एकाला द्यायचं, थांबायचं, मगच पुढच्याला, ही पद्धत नियमात आली. तुमची स्टडी एवढी डेंजर नसेलही, पण "पहिल्याचं बघून मग दुसरा" हा विचार तिथेही करून बघा.

आता खरी मेहनत, म्हणजे प्रत्यक्ष कन्सेंट घेणं. ओपीडीच्या गर्दीत फॉर्म पुढे सरकवून "इथे सही करा" म्हणणं म्हणजे कन्सेंट नव्हे. बसून बोला, कागद घरी नेऊ द्या, घरच्यांशी बोलू द्या, आणि मग त्यांनाच विचारा की तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. इथे हमखास एक गोष्ट निघते, पेशंटला वाटतं की डॉक्टर माझ्यासाठी बेस्ट ते औषध निवडतायत. रँडमायझेशन असेल तर स्पष्ट सांगा की कुठलं औषध मिळेल हे मी ठरवत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार आहे, आणि प्लासिबो असेल तर त्यात औषधच नसतं हेही सांगा. त्याने काही जण नाही म्हणतील. म्हणू देत!

ज्या डॉक्टरकडे ट्रीटमेंट चालू आहे त्यानेच कन्सेंट मागितला तर पेशंट नाही म्हणायला कचरतो, त्याला वाटतं उद्या हे माझ्याकडे नीट बघणार नाहीत. म्हणून अशा वेळी ट्रीटमेंटशी संबंध नसलेल्या माहीतगार माणसाने कन्सेंट घ्यावा असं हेलसिंकीतही आहे. आपल्याच हाताखालचे विद्यार्थी किंवा स्टाफ घेतानाही हेच. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण सगळं वाचून दाखवताना टीमबाहेरचा साक्षीदार हजर पाहिजे. लहान मुलांचं असेल तर पालकांची सही लागतेच, पण समजण्याइतकं मूल असेल तर त्यालाही विचारायचं आणि ते नको म्हणालं तर ते ऐकायचं.

पैसे? प्रवासखर्च, बुडालेली मजुरी द्या, जरूर द्या. फक्त रक्कम इतकी नको की माणूस धोक्याकडे काणाडोळा करेल.

कन्सेंट एकदा घेतला की संपलं असंही नाही. १९३२ मध्ये अमेरिकेत टस्कगीला सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास सुरू झाला, आजार काय आहे हे त्यांना धड सांगितलंच नव्हतं, आणि चाळीशीच्या दशकात पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाल्यावरही ते त्यांना न देता १९७२ पर्यंत नुसतं बघत बसले. त्यामुळे स्टडी चालू असताना नवीन माहिती आली, चांगला उपचार निघाला, नवा साईड इफेक्ट दिसला, तर सहभागींना कळवा, गरज असेल तर पुन्हा कन्सेंट घ्या. प्रोटोकॉलमध्ये बदल करायचा तर आधी कमिटीला विचारा. गंभीर त्रास झाला तर ठरलेल्या मुदतीत रिपोर्ट करा, आणि उपचार-भरपाई कोण देणार हे फॉर्मवर पहिल्यापासून लिहिलेलं असू द्या. कुणी मधूनच सोडून गेलं तर कारण सांगायची सक्ती नाही, नेहमीच्या ट्रीटमेंटवर परिणाम नाही.

डेटाचं थोडक्यात: एक्सेलमध्ये नावं नकोत, कोड नंबर टाका, नाव आणि कोडची यादी वेगळी, कुलपात. व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचे फोटो टाकणं बंद. उरलेलं सॅम्पल पुढे दुसऱ्या रिसर्चला वापरायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी मागा.

आणि रिझल्ट निगेटिव्ह आला तरी पब्लिश करायचा, नाहीतर दुसरं कुणीतरी तेच परत नव्या माणसांवर करत बसणार. सहभागींनाही निकाल कळायची सोय पाहिजे, म्हणून फॉर्मवरच विचारून ठेवा की कळवायचं का आणि कसं, फोनवर की पत्राने, कारण स्टडी संपल्यावर एकेकाला शोधत बसणं फार जड जातं.