मोसम उतरल्यावर जर्सी शोअरला कसं जावं

मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, एवढाच न्यू जर्सीच्या किनाऱ्याचा मानलेला मोसम. एडिसन-इझलिनकडची आपली मंडळी याच दिवसांत, तेही नेमकी शनिवारी सकाळी दहाला गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर उतरतात आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतात. मग पार्किंगसाठी घिरट्या, माणशी बीच बॅज, म्हणजे किनाऱ्यावर जायचा विकतचा पास, आणि पिझ्झाच्या एका तुकड्यासाठी रांग. लेबर डेनंतर गेलात तर तोच समुद्र आणि तेच बोर्डवॉक, म्हणजे समुद्राकाठचे लाकडी फळ्यांचे रस्ते, निवांत मिळतात. मात्र उन्हाळ्याची सहल तशीच्या तशी नोव्हेंबरात ढकलून भागत नाही. कुठलं गाव कुठल्या महिन्यात जागं असतं, ते आधी बघावं लागतं. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा आणि कानांचाही विचार करावा लागतो.

पायरी १ : आधी महिना ठरवा

ऑफ सीझनचे सरळ तीन भाग पडतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिला सप्टेंबर. माझ्या मते किनाऱ्याचा खरा मोसम हाच. समुद्र तापायला वेळ घेतो तसा निवायलाही घेतो. त्यामुळे मेच्या अखेरीस पाय बुडवला तर कळ येते, पण सप्टेंबरच्या मध्यावर पाणी सुमारे ७० फॅरेनहाइट, म्हणजे २१ अंश सेल्सिअस असतं. बॅजची वसुली थांबलेली असते, शाळा सुरू झालेल्या असतात आणि शनिवार-रविवारी बरीच दुकानं उघडी असतात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा : बहुतेक ठिकाणी लाईफगार्ड गेलेले असतात. त्यातच हा चक्रीवादळांचा काळ. वादळ शेकडो मैल दूर अटलांटिकमध्ये असलं, तरी इथे लख्ख उन्हात लाटा फुगतात आणि आत ओढणारे प्रवाह तयार होतात. लाईफगार्ड नसेल तिथे घोट्याच्या वर पाणी नको. पोहता येणाऱ्यांनाही हाच नियम.

दुसरा भाग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपासून, म्हणजे कोलंबस डेपासून, नाताळपर्यंत. पाळणे आणि रोलर कोस्टर बंद होतात आणि शटरं पटापट खाली येतात. पक्षी, जुनी घरं, लांबलचक चालणं यासाठी हे दिवस उत्तम.

तिसरा जानेवारी ते मार्च. मुलांना राइड्सचं आमिष दाखवून या दिवसांत नेऊ नका. ज्यांना नुसता समुद्र पुरतो, त्यांच्यासाठीच हा काळ आहे. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला थोडी जाग येते, आणि ईस्टरच्या सुमारास कुलपं निघू लागतात.

पायरी २ : महिन्याला शोभेल असं गाव निवडा

यात चूक झाली तर बाकी सगळी तयारी फुकट जाते.

भर हिवाळ्यात पहिल्यांदाच जात असाल तर ॲसबरी पार्क घ्या. या गावात बारमाही राहणारी वस्ती आहे, त्यामुळे कॉफीची दुकानं आणि रेस्टॉरंटं जानेवारीतही चालू असतात. बोर्डवॉकवरच जुन्या पिनबॉल मशीनचं सिल्व्हरबॉल रेट्रो आर्केड (आधीचं सिल्व्हरबॉल म्युझियम) आहे. तिकीट काढून आत गेलं की हवं तेवढं खेळा. बाहेर वारा सुटला तरी पोरं तिथे तासन् तास रमतात, आणि बाबा त्यांच्याही पुढे. समोरच्या रस्त्यावर स्टोन पोनी हा १९७४ साली सुरू झालेला संगीताचा अड्डा आहे. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय. दक्षिणेला चालत गेलं की लगेच ओशन ग्रोव्ह लागतं. मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी वसवलेलं, व्हिक्टोरियन घरांचं शांत गाव.

अटलांटिक सिटी कधीच पूर्ण बंद नसते, कारण कसिनोंना मोसम नसतो. अमेरिकेतला पहिला बोर्डवॉक इथे १८७० साली झाला. पर्यटकांच्या पायांची वाळू हॉटेलांच्या गालिच्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत येत होती, म्हणून हा उपाय. तेव्हा मोसम संपला की फळ्या उचलून आत ठेवत. आता तो सुमारे ४ मैल पसरलेला आहे आणि बारा महिने तिथेच असतो. खाली नीट बघा : फळ्या तिरक्या, माशाच्या काट्यासारख्या जोडलेल्या आहेत. आईवडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर इथली रोलिंग चेअर, म्हणजे मागून माणूस ढकलतो ती चाकांची खुर्ची, मोठी सोय आहे. बसण्याआधी कुठपर्यंत आणि किती डॉलर हे ठरवून घ्या. ऊब घ्यायला कसिनोत शिरणार असाल तर माहीत असू द्या की काही भागांत सिगरेट ओढायला परवानगी आहे. दम्याचा त्रास असणाऱ्यांना ते झेपत नाही.

तिथून थोडं दक्षिणेला मार्गेटमध्ये ल्यूसी आहे. १८८१ साली लाकूड आणि पत्र्याने उभारलेली, ६५ फूट उंच, सहा मजली हत्तीण. पायातल्या जिन्याने पोटात जाता येतं. आपल्याकडच्या आज्या तिला बघून नकळत हात जोडतात, आणि त्यात वावगं काय? थंडीत तिची वेळ कमी असते, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या.

ऑक्टोबरात मात्र डोळे झाकून केप मे. हे टोकाचं गाव. दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांना पुढे डेलावेअरची विस्तीर्ण खाडी ओलांडायची असते, म्हणून ते इथे अडतात, खातात, वाऱ्याची वाट बघतात. केप मे पॉइंट स्टेट पार्कमध्ये लाकडी मचाण आहे. ससाणे, शिक्रे, घारी मोजणारी माणसं तिथे दिवसभर दुर्बीण लावून उभी असतात. प्रवेश फुकट आहे. काही कळलं नाही तर बिनदिक्कत विचारा, ही मंडळी सांगायला टपलेलीच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मेक्सिकोला निघालेली केशरी मोनार्क फुलपाखरंही तिथल्याच झुडपांवर उतरतात. शेजारी १८५९चं दीपगृह, १९९ पायऱ्यांचं. गावात रंगीत लाकडी व्हिक्टोरियन घरांच्या रांगाच्या रांगा आहेत आणि नाताळात त्या दिव्यांनी मढवतात. फक्त इथला समुद्राकाठचा रस्ता लाकडी नाही, डांबरी आहे. फळ्यांवरून चालायची हौस इथे भागणार नाही.

ओशन सिटी १८७९ साली मेथॉडिस्ट धर्मोपदेशकांनी वसवली. गावात आजही दारू विकत नाहीत. चालायला सुरेख, सुमारे अडीच मैलांचा बोर्डवॉक. जुन्या लेखांत वंडरलँड पिअर या राइड्सच्या बागेतल्या मोठ्या पाळण्याचे फोटो दिसतील, पण तो पिअर ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला.

वाइल्डवुड सप्टेंबरात जा किंवा थेट पुढच्या उन्हाळ्यात. १९५०-६०च्या दशकांतली निऑन पाट्यांची मोटेलं हे त्याचं वैभव, आणि हिवाळ्यात त्यातली बहुतेक बंद. प्लास्टिकची पामची झाडं थंडीत कुडकुडत उभी असतात. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली पिवळी ट्रामकारही तेव्हा धावत नाही. फोटोग्राफी करणाऱ्यांना हे ओसाडपण आवडतं. नातवंडांना आवडत नाही.

पायरी ३ : वार निवडा आणि फोन करा

उन्हाळ्यात शनिवार टाळायचा, हिवाळ्यात शनिवारच पकडायचा. थंडीत अनेक रेस्टॉरंटं गुरुवार ते रविवार एवढीच उघडतात. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका, तिथे बऱ्याचदा जुलैची वेळ तशीच राहिलेली असते. जेवायचं ठिकाण आणि बघायचं ठिकाण, दोन्हीकडे फोन लावून 'आज उघडं आहे का' एवढं विचारायला मिनिट लागतं.

खोलीचं गणित उलटं. अटलांटिक सिटीत रविवार ते गुरुवार दर कोसळतात, मात्र खोलीच्या भाड्याशिवाय रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेलचं सक्तीचं जादा शुल्क, लागते. ती धरूनच तुलना करा. उन्हाळ्यात शनिवार ते शनिवार असं आठवड्यानेच मिळणारं भाड्याचं घर आता दोन रात्रींसाठीही मिळू शकतं. घासाघीस करायला संकोचू नका.

पायरी ४ : रस्ता किंवा रेल्वे

गार्डन स्टेट पार्कवेवरचे एक्झिट क्रमांक म्हणजे दक्षिण टोकापासूनचे मैल. केप मे ०, वाइल्डवुड ४, ओशन सिटी २५, अटलांटिक सिटी ३८, ॲसबरी पार्क १०२. इझलिनचा १३१. वजाबाकी केली की अंतर हातात : ॲसबरी पार्क तीसेक मैल, केप मे तब्बल १३१. म्हणून अर्ध्या दिवसासाठी ॲसबरी पार्क आणि मुक्कामासाठी केप मे.

गाडी नसेल तर एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कच्या दिशेची लोकल पकडून राहवे स्टेशनवर उतरा आणि तिथून नॉर्थ जर्सी कोस्ट लाइन घ्या. बहुतेक गाड्यांना लाँग ब्रँचला पुन्हा बदलावं लागतं. ॲसबरी पार्क स्टेशनपासून समुद्र चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्यांमध्ये अंतर फार असतं, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

गावात शिरल्यावर काही सिग्नल नुसते पिवळे उघडझाप करताना दिसतील. ते बिघडलेले नसतात. हिवाळ्यात ते तसेच ठेवतात, वेग कमी करून पुढे जायचं. अनेक ठिकाणी पार्किंग फुकट होतं, काही गावांत बारमाही पैसे लागतात. पाटी वाचल्याशिवाय गाडी सोडू नका.

पायरी ५ : पावसापेक्षा भरती बघा

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको : अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं. इथे त्यात नॉरईस्टर वादळाची भर पडली की अटलांटिक सिटीसारख्या बेटावरच्या गावांत रस्त्यावर पाणी येतं. ते समोरच्या समुद्रातून नाही, बहुतेकदा मागच्या खाडीकडून येतं. वर आकाश निरभ्र आणि चाकं खाऱ्या पाण्यात, असाही प्रकार होतो. नॅशनल वेदर सर्व्हिसने किनारी पुराची सूचना दिली असेल तर बेत पुढे ढकला. निदान गाडी खाडीकडच्या गल्लीत लावू नका, कारण खारं पाणी गाडीचा तळ खातं.

पायरी ६ : बांधाबांध

जानेवारीत दुपारीही पारा ४० फॅरेनहाइटच्या, म्हणजे पाचेक अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, आणि बोर्डवॉकवर वाऱ्याला आडोसा नाही. माकडटोपी आणली असेल तर खुशाल घाला, तुम्हाला ओळखणारं तिथे कोणी नाही. जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट जास्त कामाचं. बुटांना पकड हवी. सकाळी फळ्यांवर दव गोठलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

स्वच्छतागृहांचा प्रश्न मात्र खरा. नळ गोठून फुटू नयेत म्हणून बोर्डवॉकवरची बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं हिवाळ्यात पाणी तोडून बंद करतात. पाय धुवायचे नळही बंद. पार्कवेवरच्या सर्व्हिस एरियात जाऊन घ्या, आणि गावात कुठल्या कॅफेत कॉफी घेणार ते आधीच ठरवून ठेवा. शाकाहारी मंडळींना पिझ्झा आणि फ्राइज सोडून फारसं काही मिळत नाही. दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा बरोबर असला की कोणाची मिजास सांभाळावी लागत नाही.

पायरी ७ : पोहोचल्यावर

आपला समुद्र सूर्य गिळतो, इथला बाहेर काढतो. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्योदय चुकवू नका. जूनमध्ये त्यासाठी साडेपाचला हजर राहावं लागतं, डिसेंबर-जानेवारीत सव्वासातला. उशिरा उठणाऱ्यांचीही सोय. सूर्यास्तच हवा असेल तर केप मेजवळचा सनसेट बीच गाठा. तो खाडीकडे, पश्चिमेला आहे. समोर पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या ॲटलांटस या काँक्रीटच्या जहाजाचे अवशेष पाण्याबाहेर डोकावतात. वाळूत बोटभर खणलं की गुळगुळीत पांढरट गारगोट्या हाताला लागतात. त्यांना 'केप मे डायमंड' म्हणतात, आणि खिशात घालायला पैसे पडत नाहीत.

वाळूच्या टेकड्यांवरून 'शॉर्टकट' मारू नका. त्यावरचं गवत वादळात गावाला वाचवतं, म्हणून कुंपणं घातलेली असतात. लाटांत गेलेल्या दगडी बांधांवर शेवाळ असतं, तिथे उभं राहून फोटो नको.

येताना सॉल्ट वॉटर टॅफी, म्हणजे चघळायची चिवट मिठाई, घ्यायची असेल तर अटलांटिक सिटीतून घ्या, ती मूळची तिथलीच. नावात खारं पाणी असलं तरी समुद्राचं पाणी त्यात नसतं. थंडीत ती दगडासारखी होते, म्हणून गाडीत जरा ऊब लागू द्या आणि मगच वाटा. कवळी वापरणाऱ्या मंडळींना मात्र फज दिलेला बरा.