हेडफोनचा रिव्ह्यू करताय? आधी दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा करा

वर्षभर झालं, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बसून हौस म्हणून हेडफोन-इअरफोनचे रिव्ह्यू करून राहिलो. आता आजूबाजूची पोरं विचारतात, भाऊ आम्हालाही करायचंय, कुठून सुरू करू. आणि त्यांना आधीच जे सल्ले मिळालेले असतात ते ऐकून डोकं फिरतं. म्हणे आधी भारी केबल घ्या, शंभर तास वाजवून नग (म्हणजे तो हेडफोन किंवा इअरफोन) मोकळा करा, मग सांगा बास (खालचे जाडे सूर) कसा, ट्रेबल (वरचे बारीक सूर) कसा. यातलं सुरुवातीला काहीच लागत नाही. जे लागतं ते कोणी सांगत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. मी करतो तसं सांगतो.

पायरी १ : दोन नग

एका नगाचा रिव्ह्यू होतच नाही, शेजारी दुसरा ओळखीचा नग पाहिजे. तो महाग नसला तरी चालेल, पण न बदलणारा पाहिजे. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळपास त्याच रूपात मिळतो, सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओत चालतो, असं काही हाताशी असलं तर वाचणाऱ्यालाही अंदाज येतो की तुम्ही कशाच्या तुलनेत बोलताय. नवीन नग मागवा, कुरिअरवाला गावात येत नसेल तर तालुक्याला जाऊन आणा, आणि डबा उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. झालं.

पायरी २ : कानात नीट बसवा

इअरफोन असेल तर डब्यातल्या सगळ्या साइझच्या रबरी टिप लावून बघा. बोटानं हलकं दाबल्यावर बास एकदम वाढला तर टिप बसलेली नाही, हवा गळते, आणि तुम्ही "बास कमी आहे" असं लिहाल ते नगाबद्दल नसून टिपबद्दल असेल. दोन कानांना दोन वेगळ्या साइझ लागल्या तर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी ३ : आवाज सारखा करणे

इथं मी खूप दिवस अडकलो होतो आणि ९० टक्के रिव्ह्यू इथंच वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे. दोन हेडफोन शेजारी ठेवा, एक दुसऱ्यापेक्षा एखाद-दीड डेसिबलनं (डेसिबल हे आवाजाचा जोर मोजायचं माप) जोरात वाजू द्या, ऐकणाऱ्याला "हा जोरात आहे" असं वाटतच नाही, त्याला वाटतं "हा मोकळा वाजतो, यात बारकावे जास्त आहेत, बास भरीव आहे". माझ्या पुतण्याला एकच इअरफोन फोनचा आवाज बदलून दोनदा दिला तर म्हणतो, काका, हा दुसरा जास्त चांगला वाजते. दुसरा नव्हताच!

याचं कारण कानातच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्जातले सूर त्या मानानं फार कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. म्हणजे आवाजाचं बटण फिरवलं की नगाचा स्वभावच बदलल्यासारखा वाटतो, आणि आपण बसतो शब्द शोधत.

फोनवर दोन्ही नगांना तेवढ्याच रेघा ठेवल्या की झालं सारखं, असं समजू नका. सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. उलट १६ ओहमच्या एखाद्या इअरफोनवर "मिलिवॅटला १०५" लिहिलेलं असलं तर व्होल्टच्या हिशेबात तो जातो १२३ वर. डब्यावरचे आकडे बघून फरक ८ चा वाटतो, निघतो २६ चा, कारण एका कंपनीनं व्होल्टवर मोजलं, दुसरीनं मिलिवॅटवर. त्यामुळं डब्यावरून आवाज जुळवायच्या फंदात पडू नका. कानानंही जुळवू नका, कान फितूर आहे. मोजायचंच.

मोजायला मी हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची लेव्हल ट्यूब आणली, ती पारदर्शक प्लास्टिकची नळी हो, पाण्याची पातळी बघायला वापरतात ती. आतून साधारण ८ मिलिमीटरची घ्या, कानाचा बोगदा जवळपास तेवढाच असतो, लांबीला अडीच सेंटिमीटरच्या आसपास. दुकानदारानं विचारलं, भाऊ, घराचं काम काढलं का, किती मीटर देऊ, आणि मी वीतभर मागितल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला, शेवटी पैसेही घेतले नाहीत. त्यातला अडीच सेंटिमीटरचा तुकडा ब्लेडनं सरळ कापायचा, एका तोंडात इअरफोन टिपसकट, दुसऱ्या तोंडात साधा कॉलर माइक, आणि माइकभोवती फट राहिली तर इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळायची. फट राहिली तर सगळं मोजमाप फुकट. डोक्यावरच्या मोठ्या हेडफोनसाठी प्लायवूडच्या तुकड्याला भोक पाडून त्यात माइक बसवा, वर हेडफोनचा कप ठेवा, आणि दोन कपांमध्ये डोक्याच्या रुंदीइतका पुस्तकांचा गठ्ठा, म्हणजे दाब खरा येतो.

या नळीवर फक्त जोर जुळवायचा, बास-ट्रेबलचा आलेख काढायचा नाही! आलेखासाठी आयईसी ६०३१८-४ या मापाचा कपलर, म्हणजे कानाच्या नकलेचा मोजायचा साचा, लागतो, आणि त्यातसुद्धा ८ हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच त्याचं माप) आसपास कपलरचा स्वतःचा उंचवटा येतो, तो नगाचा समजून लोक "ट्रेबल टोचतो" लिहून मोकळे होतात. नळीतून काढलेला आलेख कोणी दाखवला तर हात जोडा आणि पुढं चला.

आता वाजवायचं काय. नुसता एक हजार हर्ट्झचा सूर वाजवू नका, एखाद्या नगाला नेमका तिथंच खड्डा असतो. पूर्ण पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला एकत्र खळखळाट, तोही नको, कारण बासवाला नग खालच्या पट्टीत इतका जोर लावतो की मीटर वर जातं आणि तुम्ही त्याला खाली ओढता, मग गाणाऱ्याचा आवाज मागे पडतो आणि बिचारा नग बदनाम. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाजाची काटछाट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पिंक नॉइज तयार करा, ५०० च्या खालचं आणि २००० हर्ट्झच्या वरचं कापून टाका, अर्ध्या मिनिटाची फाइल पुरते. माणसाचा आवाज बराचसा ज्या पट्ट्यात ओळखू येतो तोच जुळवायचा.

एका फोनवर वाजवा, नळीतला माइक दुसऱ्या फोनला जोडून त्यावर डेसिबल मीटरचं ॲप लावून मोजा. ॲपचा आकडा खरा नसतो, नसू द्या, आपल्याला दोन आकड्यांमधला फरक पाहिजे. पण एक सापळा आहे. बऱ्याच फोनमध्ये माइकचा आवाज आपोआप वरखाली करायची सोय चालू असते, ती दोन वेगळे आवाज स्वतःच सारखे करून दाखवते आणि तुम्ही खूश. म्हणून आधी तीच नॉइजची फाइल ऑडॅसिटीत बरोबर ६ डेसिबलनं कमी करून वाजवा. मीटर ६ नं उतरलं तर ठीक, ३-४ नंच उतरलं तर ते ॲप टाका, दुसरं घ्या. ही परीक्षा न करता पुढं गेलात तर सगळी मेहनत पाण्यात.

फरक निघाला, समजा नवीन नग ३.४ डेसिबलनं जोरात आहे. फोनच्या बटणानं हे जमत नाही, बऱ्याच फोनला आवाजाच्या मोजक्याच पायऱ्या असतात आणि एकेक पायरी दोन-तीन डेसिबलची उडी मारते. मी सरळ परीक्षेच्या गाण्यांच्या वेगळ्या कॉपी बनवतो, ३.४ नं हळू केलेल्या, आणि जोरातल्या नगावर त्याच वाजवतो. नेहमी जोरातला खाली आणायचा, हळूवाला वर न्यायचा नाही, वर नेला की लाटेची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. अर्ध्या डेसिबलच्या आत आणा, जमलं तर ०.२ पर्यंत. नग काढून पुन्हा बसवा, पुन्हा मोजा, दोन-तीनदा. बसवण्यानंच किती फरक पडतो हे दिसलं की ते शंभर तास वाजवून मोकळा करण्याचं खूळही डोक्यातून जातं.

ब्लूटूथवाल्यांनी अजून एक बघायचं. फोनचा आवाज वेगळा आणि नगाचा वेगळा असू शकतो, आणि एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करायची सोय, चालू-बंद केलं की सूरही बदलतो, तेव्हा ज्या स्थितीत ऐकणार त्याच स्थितीत जुळवा. एएनसी बदललं की पुन्हा नळी काढा. कंटाळा येतो, येऊ द्या.

आणि आवाज बेताचाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासच, आणि आपण हौसेपायी त्याच्या वर सहज जातो.

पायरी ४ : ऐका

उन्हाळ्यात पहाटे ऐका, कारण मे महिन्यात पारा ४५ ला गेला की कूलर बंद ठेवून कोणी ऐकूच शकत नाही आणि कूलर चालू असताना खालचे सूर सगळे त्याच्या घरघरीत बुडतात. लाईन गेली की उलट बरं, कूलर, फ्रिज, शेजारची चक्की सगळं गप्प, तेवढ्यात उरकून घ्या. एएनसीची परीक्षा मात्र कूलरसमोरच करा, एकसारखी जाडी घरघर हेच त्याचं काम. कुकरची शिट्टी एएनसीनं जात नाही, ती टिप नीट बसली असेल तरच थोडी दबते.

गाणी रोजच्या ऐकण्यातलीच घ्या. परदेशी रिव्ह्यूवाले वाजवतात ते जाझ तुम्ही कधी ऐकलंच नसेल तर त्यात काय बदललं ते तुम्हाला कळणार कसं? आमच्याकडं खंजेरी भजनाची रेकॉर्डिंग घराघरात आहेत, खंजेरीच्या चकत्या आणि टाळ ट्रेबल चढा असला की लगेच कानात टोचतात, हेच दोन मिनिटांत कळतं. पन्नासच्या दशकातली मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) गाणीही लावा, आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध बसला पाहिजे, एका बाजूला सरकला तर डावा-उजवा सारखा नाही. नग पटापट बदला, कारण आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. काल ऐकलेल्याची आज तुलना करणारे लोक धन्य आहेत.

पायरी ५ : डोळे झाकून

केबल, डोंगल (फोनला हेडफोन लावायचा छोटा जोड) किंवा गाण्याच्या फाइलबद्दल "फरक जाणवतो" म्हणायचं असेल तर घरातल्या कोणाला तरी पाठीमागं बसवून, नाणं उडवून बदलायला लावा. १० पैकी ९ वेळा ओळखलं तर बोला, ते नुसत्या नशिबानं जमायची शक्यता साधारण १ टक्का. १६ वेळा केलं तर किमान १२ पाहिजेत. ८ पैकी ५ म्हणजे काहीच नाही. हेडफोनच्या बाबतीत हे अर्धवटच जमतं, डोक्यावर चढवला की वजनावरनं, कानावरच्या गादीवरनं कळतंच कोणता ते, तेव्हा हेडफोनबद्दल "आंधळी चाचणी केली" असं छातीठोकपणे लिहू नका.

पायरी ६ : लिहा

कशाशी तुलना केली, आवाज किती डेसिबलच्या आत जुळवला आणि कोणती टिप लावली हे पहिल्या परिच्छेदात. नग फुकट आला असेल तर तेही तिथंच, खाली बारीक अक्षरात नको. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची नियमावली फुकट मिळालेल्या वस्तूलाही लागू आहे. "मखमली", "सिल्की" असले शब्द टाळा, त्याऐवजी कोणत्या गाण्यात कुठं काय ऐकू आलं ते लिहा.

मग उन्हाळा गेल्यावर नग परत काढा. आमच्या उन्हात आणि घामात नकली चामड्याच्या गाद्या सोलून निघतात, काळे पापुद्रे कानाला चिकटतात, आणि गादी फाटली की हवा गळते म्हणून बासही जातो. तेव्हा पुन्हा प्लायवूडवर मोजा, पुन्हा ऐका, आणि जुन्या रिव्ह्यूच्या वर तारीख टाकून लिहा काय बदललं.