वनस्पतींतून परजीवींवर औषध शोधताय? या चुका टाळा

मलेरिया, काळा आजार, आमांश यांवर जंगलातल्या वनस्पतींतून औषध शोधणारे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा मी निष्कर्ष आधी वाचत नाही. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, नमुना क्रमांक शोधते. बऱ्याचदा तो नसतो, आणि मग पुढची सगळी पानं नेमक्या कोणत्या झाडाबद्दल आहेत हेच ठरवता येत नाही.

झाडाची ओळख किती महत्त्वाची, हे मलेरियावरचं क्विनाइन ज्याच्या सालीतून मिळतं त्या सिंकोनाने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवलंय. १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी अँडीजच्या जंगलांतून सिंकोना आणून निलगिरीत लावला. पण त्या जातीच्या सालीत क्विनाइन बेताचंच होतं. बोलिव्हियाच्या मानुएल इन्क्रा मामानीने पारखून गोळा केलेलं बी चार्ल्स लेजरमार्फत डचांच्या हाती लागलं. जावात वाढवलेल्या त्या झाडांच्या सालीत दहा टक्क्यांहूनही जास्त क्विनाइन निघालं. दोन्हीकडे सिंकोनाच होता, पण जात वेगळी होती.

आपल्याकडचं उदाहरण कुड्याचं. कुडा सदाहरित रानातला नव्हे, डोंगरउतारावरचा पानझडी; पण आमांशावरचं आपलं सर्वांत जुनं झाड तेच. एका विद्यार्थ्याचा कुड्याच्या सालीचा अर्क आमांशाच्या अमीबावर पहिल्या खेपेला उत्तम चालला आणि दुसऱ्या खेपेला जवळपास काहीच करेना. त्याने विद्रावक बदलला, तापमान बदललं, अमीबाचं नवं कल्चर आणलं. कित्येक महिने असेच गेले. सालीवर मात्र कुणाचाच संशय गेला नाही, कारण ती दळूनच पोत्यातून आली होती. शेवटी दोन्ही अर्क, त्यातले घटक वेगळे करणाऱ्या एकाच टीएलसी प्लेटवर शेजारी शेजारी चालवून अल्कलॉइड (वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त संयुगं) दाखवणारं ड्रॅगेनडॉर्फ द्रावण फवारायला लावलं. पहिल्या अर्कात अल्कलॉइडचे ठसठशीत नारिंगी ठिपके उमटले, दुसऱ्याची रेघ कोरी राहिली. मग तो आंबोलीच्या पायथ्याशी, साल काढणाऱ्या काकांकडे गेला. त्यांनी झाड दाखवलं आणि सरळ सांगितलं, "ह्यो काळो कुडो. तुमका पांढरो होयो होतो?" तोवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हिना, ज्याच्या सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असतं. काळा कुडा म्हणजे राइटिया. दोघांनाही पांढरा चीक, दोघांनाही पांढरी फुलं. शेंगा पाहिल्या की गोंधळ मिटतो: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा पिकेपर्यंत टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. बीही चाखून कळतं, पांढऱ्याचा इंद्रजव कडू आणि काळ्याचा गोड. म्हणून माझा नियम असा की फुलं किंवा शेंगा असलेली फांदी दाबून ठेवल्याशिवाय सालीला हात लावायचा नाही. एक नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियमकडून ओळखून घ्यायचा, आणि सालीचा एक तुकडा न दळता बाटलीत ठेवायचा. बाजारची भुकटी आणून वेळ वाचवणाऱ्यांचं काम मी स्वीकारत नाही.

दुसरी चूक काळ्या आजारावर काम करणाऱ्यांची. या आजाराच्या परजीवीचं, लीशमॅनियाचं, शेपटीवालं रूप, प्रोमॅस्टिगोट, आजार पसरवणाऱ्या वालुमाशीच्या पोटातलं. ते सव्वीस अंशांना सहज वाढतं, म्हणून सगळे त्याच्यावरच अर्क ओततात. रुग्णाच्या शरीरात मात्र परजीवी बिनशेपटीच्या अमॅस्टिगोट रूपात, आपल्याच मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या आत, सदतीस अंशांना राहतो. औषधाला आधी त्या पेशीत शिरायचं असतं, आणि पेशीला धक्का न लावता आतल्याला मारायचं असतं. प्रोमॅस्टिगोट मारणारे ढीगभर अर्क इथे गळतात. मॅक्रोफेजमधली चाचणी किचकट आहे, हात बसायला वेळ लागतो; ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी हा विषय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच पेशींवर अर्क किती विषारी आहे तेही मोजा. परजीवी मारणाऱ्या मात्रेच्या दहापट मात्रेतही पेशी तगत नसतील, तर तुमच्या हातात नुसतं विष आहे.

मलेरियावाल्यांनी सॅपोनिनकडे बघावं. वनस्पतींतलं हे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य तांबड्या पेशीच फोडतं, मग मलेरियाचा परजीवी प्लाझमोडियम वाढणार कुठे? परजीवी नसलेल्या रक्तावर तोच अर्क घालून द्राव लाल होतो का पाहा.

जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत रंगीत, अँटिऑक्सिडंट अर्क पेशींशिवायही जांभळा रंग देतात. पेशी नसलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) ठेवाच.

अर्क विरघळवायचा डीएमएसओ चाचणीत अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा.

अर्क उकळू नका. चिनी संशोधक तू यूयू यांनी १९७१ मध्ये ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला, तेव्हा कुठे मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची वाट सापडली.

आणि झाड कुणी दाखवलं ते वहीत लिहा. फ्रेंच गयानात क्वासिया अमारा या झुडपाच्या पारंपरिक माहितीवरून मलेरियाविरोधी संयुगाचं पेटंट निघालं आणि माहिती देणारे बाजूला राहिले, त्यावरून मोठा वाद झाला. पेटंटचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याची प्रक्रिया काम सुरू करण्याआधी समजून घ्या. पानांत तेच संयुग पुरेसं मिळत असेल तर साल सोलू नका. कर्करोगावरच्या कॅम्प्टोथेसिनसाठी सह्याद्रीतला नरक्या हा वृक्ष कसा तोडला गेला, ते आपण पाहिलं आहे.