एकटीचा व्यवसाय आणि न केलेला फोन

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या एका गाळ्यात मी गेली सात वर्षे फिक्स्चर (यंत्रावर काम होताना भाग पक्का धरून ठेवणारी साधने) आणि गेज (भागाचे माप तपासण्याची साधने) बनवून देते. डिझाइन माझे, मशिनिंग सातपूरच्या दोन जॉबवर्कवाल्यांकडून, म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्यांकडून, जुळणी आणि तपासणी पुन्हा माझ्याच हातची, आणि बिल, चलन, वसुली हेही माझ्याच गळ्यात. डिझाइन किंवा टूलरूमची (अशी साधने बनवणाऱ्या विभागाची) नोकरी सोडून एकट्याने काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), चालू खाते, जीएसटी क्रमांक हे सारे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. मला सांगायचे आहे ते त्या धास्तीविषयी, जी या कामात सोबतीला येते आणि जिच्याविषयी मला सुरुवातीला कोणीही सांगितले नव्हते.

तिसऱ्या वर्षी एका कंपनीकडे माझे ४,८०,००० रुपये अडकले. फिक्स्चर देऊन चार महिने झाले होते. त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८६,४०० रुपये, बिल काढल्याच्या पुढच्याच महिन्यात २० तारखेच्या विवरणपत्रात दाखवावा लागला होता, आणि कच्च्या मालावर आधीच भरलेल्या कराचे क्रेडिट वजा जाता उरलेली रक्कम मी पदरची भरली होती. पैसे आले नाहीत म्हणून कर थांबत नाही, हे पुस्तकातून कळणे वेगळे आणि खात्यातली शिल्लक पाहून कळणे वेगळे.

अशा वेळी करायचे काय, तर कंपनीच्या परचेसला, म्हणजे खरेदी विभागाला फोन. तो मी केला नाही. रोज सकाळी गाळ्याचे शटर उघडल्यावर ठरवायचे की आज अकरा वाजता फोन करायचा, आणि अकरा वाजले की मलमलचे फडके घेऊन सरफेस प्लेट, म्हणजे मापे घेण्याचा अचूक सपाट पाट, पुसायला लागायचे. ती आधीच स्वच्छ असायची. मग उंची मोजायचा हाइट गेज पुसायचे, स्लिप गेजला (ठरावीक मापाच्या ठोकळ्यांना) तेलाचा हात द्यायचे, डब्यात परत रचायचे. बारा वाजले की ‘आता त्यांची जेवणाची वेळ झाली’ असे म्हणून छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटायचे.

हा दगड उतरणे हाच सापळा आहे, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी यात पाच आठवडे अडकले होते. भीती वाटते, आपण ती गोष्ट टाळतो, लगेच बरे वाटते. ते बरे वाटणे खरे असते, त्यामुळेच ते घातक ठरते. मन त्यातून एवढेच शिकते की फोन धोक्याचा होता आणि न केल्यामुळे आपण वाचलो. दुसऱ्या दिवशी तोच फोन आणखी अवघड होतो. पाचव्या आठवड्यात मला नुसता त्या कंपनीचा ट्रक अंबड लिंक रोडवर दिसला तरी घाम फुटत असे. टाळण्याची रूपेही फार सभ्य असतात. नवे कोटेशन बनवणे, जुन्या ड्रॉइंगच्या फाइल लावणे, फोनऐवजी मोघम ईमेल पाठवणे, रात्री दोन वाजता बँकेचे ॲप सहा वेळा उघडून पाहणे, ही सगळी कामे वाटतात, पण ती त्या एका फोनपासून पळण्याच्या वाटा असतात. दिवसभर राबूनही संध्याकाळी पोटात गोळा तसाच असेल, तर आज आपण काय टाळले ते स्वतःला विचारा.

त्याच काळात एका मध्यरात्री छातीत धडधड सुरू झाली, हात बधिर झाले, आणि हा हृदयविकाराचा झटकाच आहे अशी माझी खात्री पटली. नवऱ्याने रुग्णालयात नेले. ईसीजी नॉर्मल आला. येथे कठोरपणे सांगते की छातीत दुखत असेल तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका, आधी हृदयाची तपासणी करून घ्या. आणि अहवाल नीट आला तर ‘काही झाले नाही’ म्हणून विषय सोडूही नका. मला तिथल्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, आणि तो पॅनिक अटॅक होता हे तिथे कळले. तो सहसा काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरतो, एवढी माहिती असती तरी ती रात्र मला एवढी जड गेली नसती.

उपचारात मला दोन रकान्यांची वही दिली गेली. डावीकडे ‘फोन केला तर काय होईल’, उजवीकडे ‘प्रत्यक्षात काय झाले’. डावीकडे मी लिहिले होते: फिक्स्चर नापास झाले असे सांगतील, पुढचे काम बंद करतील. फोन केला तेव्हा अकाउंट्समधल्या माणसाने शांतपणे सांगितले की बिलावर परचेस ऑर्डरचा क्रमांक चुकला आहे, म्हणून ते पहिल्या आठवड्यापासून बाजूला पडून आहे. मी सुधारित बिल दिले आणि १९ दिवसांत पैसे आले. चार महिन्यांच्या त्या जागरणांमागे एका आकड्याची चूक होती.

दर वेळी असे होत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका फोनवर खरोखरच वाईट बातमी मिळाली, भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या लोकेटिंग पिनची जागा चुकली होती आणि पुन्हा काम करण्यात माझे ६०,००० रुपये गेले. तरी त्या रात्री मला झोप लागली, कारण आता समोर काम होते. ज्याला मोजमाप आहे ते दुरुस्त करता येते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मार्गदर्शकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहाटे उठा, सकारात्मक राहा असे सांगणाऱ्या महागड्या शिबिरांवर मी पैसे घालवले आणि त्यातून माझी अपराधी भावना तेवढी वाढली. जो स्वतःची बुडीत उधारी उघडून दाखवतो, तोच खरा मार्गदर्शक. सातपूरच्या एका जुन्या टूलरूममधले काका माझ्यासमोर आपला वसुलीचा फोन करायचे. एकदा माझा फोन ऐकून म्हणाले, “ताई, पैसे मागताना आवाज खाली का जातो तुमचा? काम दिलंय ना आपण?” त्यानंतर मी पहिले काही फोन त्यांच्या टेबलाशी बसूनच केले.

मागण्याला कायद्याचा आधार आहे, तोही लक्षात ठेवा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही, करार नसेल तर मुदत १५ दिवसांची, आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. म्हणून माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असतो. तक्रार करण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही, पण फोनवर बोलताना पाठ ताठ राहते.

बाकीच्या सवयी थोडक्यात. दुपारी तीननंतर चहा बंद केला, कारण धडधड आणि चहा यांचे माझ्या बाबतीत जुळत नव्हते. नाशिकच्या वसाहतींत शनिवारची सुट्टी असते, शेजारची प्रेस मशीन थांबतात आणि गाळ्यात अंगावर येणारी शांतता पसरते. त्या दिवशी एकटीने काम करणे मी सोडले, आता शनिवारी सकाळी सासूबाईंबरोबर सोमेश्वरला जाते. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांविषयी एवढेच की मी त्या वर्षभर घेतल्या, परिणाम दिसायला काही आठवडे लागले, आणि बरे वाटू लागल्यावर त्या मनाने बंद केल्या तेव्हा त्रास उलटला. बंद करणेही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, हळूहळू करा. खर्चाची किंवा लोक काय म्हणतील याची भीती वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

दर मंगळवारी अकरा वाजता मी वसुलीचे फोन करते. आधी वहीत डावा रकाना भरते, सर्वांत नकोसा फोन पहिला लावते, आणि तो उचलला गेला नाही तर पुन्हा कधी लावायचा ती वेळ लिहून मगच सरफेस प्लेटवरचे झाकण काढते. या मंगळवारी तीन फोन आहेत, त्यांतल्या एकाची अजूनही धास्ती वाटते आहे.