मांजर घेऊन विमानात बसायचं असेल तर

मांजर विमानात न्यायचं म्हटलं की सगळ्यांना काळजी असते ती वर विमानात काय होईल याची. ते ओरडेल का, घाबरेल का, शेजारचा प्रवासी कटकट करेल का? माझ्या मते विमानातला वेळ हा या प्रवासातला सगळ्यांत सोपा भाग. मांजर अंधारात, पायाशी, ओळखीच्या वासात पडून असतं. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते: निघण्याआधी घरात बॅगेची सवय लावताना, आणि विमानतळावर सिक्युरिटीला, जिथे मांजर बॅगेबाहेर काढावं लागतं. या दोन गोष्टी नीट जमल्या तर बाकीचं निभतं.

मी पुण्यातल्या कोथरूडची. लेक नोकरीसाठी दिल्लीला, आणि तिच्याकडे मुक्कामाला जाते तेव्हा माझा बोका खंडू माझ्याबरोबर असतो. साधा देशी, पिवळा, साडेचार किलोचा. बिल्डिंगमधल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी चौकशी, मग तिकीट. हा क्रम मोडू नका. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, त्यामुळे पुण्याहून सुटणारी बरीचशी विमानं इथेच बाद होतात. एअर इंडिया मांजर केबिनमध्ये नेऊ देते. आकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून ही सोय सुरू केली, तेव्हा बॅगेसकट सात किलोची मर्यादा होती. वजनाचे, बॅगेच्या मापाचे आणि पैशांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून कंपनीला फोन करून त्या दिवसाचे आकडे विचारा आणि मेलवर लेखी मागवून घ्या. काउंटरवर वाद झाला तर तोच मेल कामी येतो. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, तेव्हा लवकर बुकिंग केलेलं बरं. प्राण्याबरोबर आपत्कालीन दाराजवळची सीट मिळत नाही. आणि कागदपत्रं सगळी चोख असली तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो, हे मनाशी धरून ठेवा.

वजन म्हणजे मांजर अधिक बॅग. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग मांजर बॅगेत घालून ती हातात धरून उभे राहा, आणि वजाबाकी करा. अर्धा किलो हाताशी ठेवा, कारण काउंटरचा काटा आणि घरचा काटा सारखं बोलत नाहीत.

पर्शियन किंवा चपट्या नाकाचं मांजर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. या मांजरांना एरवीही श्वासाला त्रास होतो, उकाड्यात आणि ताणात तो वाढतो. पुण्यात हल्ली पर्शियन खूप घरांत आहेत म्हणून मुद्दाम सांगते. फार म्हातारं, आजारी किंवा गाभण मांजर असेल तर मी नेणार नाही. त्यापेक्षा घरी येऊन बघणारं कोणी शोधेन.

आता बॅग. प्लास्टिकचा टणक पिंजरा सीटखाली बहुधा बसत नाही, कापडी मऊ बॅगच घ्या. दोन-तीन बाजूंना जाळी हवी, तळ घट्ट हवा, आणि वरूनही उघडणारी हवी. घाबरलेलं मांजर पुढच्या दारातून ओढून काढणं फार कठीण, वरून दोन्ही हातांनी उचलणं सोपं. आत त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून पडता आलं पाहिजे. पाठीवर अडकवायच्या पारदर्शक घुमटाच्या बॅगा दिसायला छान असतात, पण त्यांत हवा कमी खेळते, ऊन लागलं की आत तापतं, आणि भेदरलेल्या मांजराला लपायला जागा राहत नाही. प्रवासासाठी त्या घेऊ नका. चेन वर-खाली ओढून बघा. मांजरं नाक घालून चेन सरकवतात, म्हणून दोन चेनची टोकं एकमेकांत अडकवणारी लहान कडी लावून ठेवा.

बॅग आणली की प्रवासाच्या किमान तीन आठवडे आधी ती हॉलमध्ये उघडी ठेवा आणि विसरून जा. माझ्याकडे आईच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा आहे, खंडू त्यावरच झोपतो. तो मी न धुता आत अंथरते. नवी गादी, धुतलेला टॉवेल नको. मांजराला धीर देतो तो त्याचा स्वतःचा वास. मग जेवणाची वाटी आधी बॅगेशेजारी, दोन दिवसांनी बॅगेच्या तोंडाशी, मग आत. ते आत बसून निवांत खायला लागलं की क्षणभर चेन लावा आणि लगेच उघडा. हळूहळू वेळ वाढवा. मग बॅग उचलून घरातल्या घरात फिरा, मग जिना उतरून पार्किंगपर्यंत, मग रिक्षाने कर्वे रोडपर्यंत जाऊन परत. प्रत्येक वेळी घरी आल्यावर आवडीचं काहीतरी द्या. बॅग फक्त इंजेक्शनच्या दिवशी माळ्यावरून निघत असेल तर मांजर तिला बघूनच पलंगाखाली जाणार, यात त्याचा दोष नाही.

याच काळात हार्नेसचीही सवय लावा. नुसता गळ्यातला पट्टा चालणार नाही. अंगाला जॅकेटसारखं बसणारं हार्नेस घ्या, पट्ट्याखाली तुमची दोन बोटं जातील इतकं घट्ट. मांजर हार्नेसमधून सुटतं ते मागे सरकून: डोकं खाली घालतं, पुढचे पाय आखडतं आणि उलटं निसटतं. घरात दोरी हलकेच समोरून ओढून बघा. निघालं तर माप चुकलं आहे, ते विमानतळावर कळून उपयोग नाही.

डॉक्टरांकडे दोनदा जावं लागतं. पहिल्यांदा महिना-दीड महिना आधी. रेबीजची लस चालू मुदतीतली हवी आणि नवी असेल तर प्रवासापर्यंत तिला महिना उलटलेला असावा. लसीकरणाच्या पुस्तिकेवर तारीख, लसीचं लेबल, सही-शिक्का बघून घ्या. दुसऱ्यांदा प्रवासाच्या अगदी आधी, फिट टू फ्लाय सर्टिफिकेटसाठी. ते किती दिवसांपूर्वीचं चालतं हे कंपनी सांगते, त्या मुदतीतच काढा. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढून एक संच पर्समध्ये, एक बॅगेच्या कप्प्यात ठेवा.

झोपेच्या गोळीबद्दल स्पष्ट सांगते: स्वतःच्या मनाने कोणतंही औषध देऊ नका. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच असतो, म्हणजे हवा विरळ असते. गुंगी आणणाऱ्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि बॅगेत मांजराला काय होतंय ते आपल्याला दिसतही नाही. मांजर फारच भित्रं असेल तर काही डॉक्टर गॅबापेंटिन देतात. ते त्यांनी, त्या मांजराचं वजन आणि किडनी बघून ठरवायचं, आणि त्याचा एक डोस आधी घरी देऊन बघायचा. माणसांची पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. औषधाशिवायचा एक उपाय म्हणजे फेरोमोनचा स्प्रे. मांजर गाल घासून जो गंध सोडतं, त्याची ती कृत्रिम नक्कल असते. मांजर आत ठेवण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बॅगेत मारायचा, म्हणजे त्यातल्या स्पिरिटचा वास उडून जातो.

परदेशी न्यायचं असेल तर तयारी महिनोन् महिने आधी सुरू होते. मायक्रोचिप, मग रेबीज लस, युरोपसाठी लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी तपासणी, त्यानंतर तीन महिने थांबणं, आणि शेवटी प्राणी क्वारंटाइन खात्याचं प्रमाणपत्र, ज्यासाठी पुणेकरांना मुंबई गाठावी लागते. ब्रिटनमध्ये तर मांजर केबिनमधून नेताच येत नाही, कार्गोनेच पाठवावं लागतं.

प्रवासाची तारीख ठरवताना पुण्याचं कॅलेंडर बघा. विसर्जनाच्या आणि पालखीच्या दिवशी रस्ते बंद असतात, आणि बंद गाडीत ढोल-ताशाच्या बाजूला अडकलेलं मांजर बघवत नाही. दिवाळीत फटाके. उन्हाळ्यात भल्या पहाटेचं नाहीतर रात्रीचं विमान घ्या.

आदल्या दिवशी नखांची टोकं कापा. निघण्याआधी चार ते सहा तास हलकं जेवण द्या, पोट भरलेलं असेल तर गाडीतच उलटी होते. पाणी काढून घेऊ नका. निघायच्या जरा आधी त्याला स्वच्छ लिटरपाशी, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या ट्रेपाशी ठेवा. बॅगेत नऊवारीच्या खाली शोषून घेणारं पॅड, बरोबर जास्तीची दोन पॅड, ओले वाइप्स, झिप लागणाऱ्या पिशव्या, आणि घरच्या लिटरमधली दोन मुठी वाळू एका पिशवीत. ती कशासाठी ते शेवटी सांगते.

कोथरूडहून लोहगावच्या विमानतळावर जाताना संगम पूल, येरवडा, मग 509 चौक. या रस्त्यावर किती वेळ लागेल याचा नेम नाही, म्हणून भरपूर आधी निघा. एसी कॅबच करा, ड्रायव्हरला फोनवरच मांजर आहे म्हणून सांगा. बॅग डिकीत नाही, मागच्या सीटवर, तिच्या पट्ट्यातून सीटबेल्ट ओवून. मांजर ओरडेल. खंडू येरवड्यापर्यंत ओरडतो आणि मग गप्प होतो. ओरडणाऱ्या मांजराची मला काळजी वाटत नाही. तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्या मांजराची वाटते. तसं दिसलं तर गाडी सावलीत थांबवा, गार हवा द्या, आणि पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर विमान सोडून डॉक्टर गाठा.

वेब चेक-इन करून थेट आत जाता येत नाही, काउंटरवर जावंच लागतं. तिथे वजन, कागद, पैसे आणि जबाबदारीच्या फॉर्मवर सही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा खिडकीपाशी मांजराचे फोटो काढायचा मोह आवरा.

सिक्युरिटीत बॅग एक्स-रे मशीनमधून जाते आणि मांजर तुमच्या हातात, तुमच्याबरोबर. मांजर कधीही मशीनमध्ये जात नाही. रांगेत असतानाच सीआयएसएफच्या कर्मचाऱ्यांना सांगा, "बॅगेत मांजर आहे, बाहेर काढताना बंद खोली मिळेल का?" विचारायला संकोच करू नका. महिलांच्या तपासणीला पडदा लावलेली जागा असते, पण मला दार लागणारी खोली हवी असते. आधी स्वतःचं सगळं ट्रेमध्ये टाका, म्हणजे दोन्ही हात मोकळे. हार्नेस घरूनच घातलेलं, दोरीची कडी मांजर बॅगेत असतानाच हार्नेसला अडकवायची आणि दुसरं टोक मनगटाला दोन वेढे देऊन. मग वरची चेन उघडून एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि मांजर सरळ आपल्या छातीशी. खंडू तेव्हा माझ्या खांद्यात नखं रोवतो, तोंड काखेत खुपसतो, आणि त्याचं काळीज माझ्या तळहाताला धडधडताना लागतं. म्हणून मी जाड सुती, पूर्ण बाह्यांचा कुडता घालते, ओढणी घेत नाही. हार्नेसच्या कडीमुळे मशीन वाजेल, हाताने तपासतील, वाजू द्या. कोणी "हार्नेस काढा" म्हणालं तर नम्रपणे पण ठाम सांगा की बंद खोलीतच काढीन. बॅग पलीकडे आली की ती आधी पूर्ण उघडा, मांजर मागच्या पायांकडून आत सोडा, चेन लावा, कडी लावा. पर्स, फोन, चपला नंतर. मागच्यांची घाई असते, असू द्या.

पॅड बदलायचं झालं तर दिव्यांगांसाठीच्या मोठ्या टॉयलेटमध्ये, दार लावून, आणि ते कोणाला लागत नसेल तेव्हाच.

विमानात बॅग पुढच्या सीटखाली, जाळी तुमच्या पायांकडे. ती पूर्ण वेळ बंदच ठेवायची. वर पातळ ओढणी टाका, पण एक बाजू हवेसाठी उघडी. उतरताना कानांत दडे बसतात तसे मांजरालाही बसतात, आणि गिळण्याने ते सुटतात. त्यासाठी मी नळीतली क्रीमी ट्रीट बाहेरून जाळीवर बोटाने चोपडते, खंडू आतून चाटत राहतो. त्याने नाही चाटलं तरी आग्रह करू नका. शेजारच्यांना बसतानाच सांगा की मांजर आहे, कोणाला ॲलर्जी असेल तर क्रूला विचारून जागा बदलता येते.

पोहोचल्यावर मांजर अख्ख्या घरात सोडू नका. एक खोली, खिडक्या बंद, आणि लिटरच्या ट्रेमध्ये ती घरून आणलेली दोन मुठी वाळू नव्या वाळूत मिसळून. स्वतःचा वास आला की शी-शूची जागा त्याला चटकन कळते. बॅग उघडी ठेवून द्या, ते आपणहून बाहेर येईल. पलंगाखाली जाऊन बसलं तर बसू द्या, हात घालून ओढू नका. पहिल्या दिवशी जेवलं नाही तरी चालतं. पण दुसरा दिवसही पूर्ण उपाशी गेला तर डॉक्टरांना दाखवा, कारण उपाशी राहिलं की मांजराच्या यकृतावर परिणाम होतो, लठ्ठ मांजरांत जास्त. आणि बोका असेल तर शूवर लक्ष ठेवा. ट्रेमध्ये बसून नुसता कुंथत असेल, थेंब येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. म्हणून लेकीच्या घराजवळच्या, रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर मी पुण्याहून निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवते.