अंगणातलं छोटं घर: आधी सांडपाण्याची पातळी, मग खोल्या

मुख्य घराच्या मागे एक खोली, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि संडास-बाथरूम एवढं स्वतंत्र घर बांधायचं ठरलं की लोक पहिल्याच संध्याकाळी कागद घेऊन खोल्या आखायला बसतात. पलंग कुठे, कपाट कुठे, खिडकी कोणत्या बाजूला. तो कागद तूर्त बाजूला ठेवा.

सुरुवात नियमांपासून. एकाच जागेवर दुसरं घर चालतं का, हद्दीपासून किती अंतर सोडायचं, उंची किती, ते भाड्याने देता येतं का, हे स्थानिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. ‘शेजारच्यांनी बांधलंय की’ हा पुरावा नव्हे.

आकार: एका-दोघांना २५ ते ३५ चौरस मीटर पुरे. दारं ९० सेंमी रुंदीची ठेवा, कारण अशा घरात आज ना उद्या कुणी म्हातारं माणूस राहायला येतंच.

आता खरं काम. नवीन घराचं सांडपाणी जुन्या चेंबरपर्यंत (सांडपाण्याच्या लाइनवरचा झाकण असलेला खड्डा) आपोआप, उताराने जाईल का? या एका प्रश्नावर घराची जागा, जोत्याची उंची आणि बाथरूमची बाजू ठरते. ‘ते प्लंबर बघून घेईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. प्लंबर येतो तेव्हा जोतं बांधून झालेलं असतं.

मी ही चूक केलेली आहे. पहिल्या छोट्या घराच्या वेळी मागचं अंगण डोळ्यांना सपाट दिसत होतं, म्हणून मी मोजलंच नाही. प्रत्यक्षात घर बांधलं तो कोपरा चांगलाच खाली होता. १८ मीटरच्या पाइपला जेमतेम १२ सेंमी ढाळ मिळाला, म्हणजे १५० ला १ (१५० सेंमी लांबीला १ सेंमी उतार). लाइन सारखी तुंबायची. शेवटी फरशी फोडून बाथरूमची जमीन २४ सेंमी वर घेतली. आजही तिथे आंघोळीला एक उंच पायरी चढून जावं लागतं, आणि नवखा माणूस हमखास ठेचकाळतो.

तेव्हा मोजा. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी घ्या, पाणी भरा, आत एकही बुडबुडा नको. आधी दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा. पाणी एका रेषेत आलं नाही तर नळीत हवा आहे, पुन्हा भरा. मोजताना दोन्ही टोकं उघडी हवीत. धरणारा अंगठा दाबून बसला की माप चुकतं, आणि तो दाबतोच.

जुन्या चेंबरजवळच्या भिंतीवर जमिनीपासून १०० सेंमीवर एक रेघ मारा. यापुढची सगळी मापं त्या रेघेखाली किती, अशीच लिहा. जमिनीपासून मोजू नका, जमीन फसवते. समजा चेंबरचं झाकण जमिनीला लागून आहे आणि जुन्या पाइपचा तळ जमिनीखाली ६० सेंमी आहे. म्हणजे तो रेघेखाली १६०. नवीन लाइनची लांबी १८ मीटर. ११० मिमीच्या पाइपला मी ५० ला १ ढाळ देतो. ४० ते ६० च्या बाहेर जात नाही. १८ मीटरला ३६ सेंमी लागले. १६० मधून ३६ गेले, नवीन घराजवळ पाइपचा तळ रेघेखाली १२४ वर आला.

नळीच्या एका टोकाचं पाणी रेघेला जुळवलं, दुसरं टोक तिकडे नेलं आणि तिथल्या पाण्याच्या पातळीपासून खाली जमीन मोजली, ती रेघेखाली १२८ निघाली. म्हणजे पाइप जमिनीच्या ४ सेंमी वरून जाणार! डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं. फरशी ते बाहेर पडणाऱ्या पाइपचा तळ एवढ्यात मी ४५ सेंमी धरतो, त्यात ट्रॅप (वास अडवणारं, पाणी साठून राहणारं वळण) आणि आतला ढाळ बसतो. म्हणून फरशी रेघेखाली ७९ वर, तिथल्या जमिनीपेक्षा ४९ सेंमी उंच. जोतं तेवढं उचला आणि पाइपावर भर घाला, किंवा घरच अलीकडे ओढा. मी आधी दुसरा उपाय करतो, आणि बाथरूम व ओटा दोन्ही मुख्य घराकडच्या भिंतीला लावतो. लांबी ६ मीटरने घटली तर १२ सेंमी ढाळ वाचतो.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. नवीन घराची फरशी जुन्या चेंबरच्या झाकणापेक्षा वरच हवी. पुढची लाइन तुंबली की घाण सगळ्यात खालच्या तोंडातून वर येते. ते तोंड अंगणातलं झाकण असू दे, बाथरूमची जाळी नको. वरच्या हिशेबात झाकण १०० वर आणि फरशी ७९ वर, म्हणजे २१ सेंमीचा बचाव.

मैला उचलणाऱ्या पंपाची जाहिरात करणारे भेटतील. ढाळ मिळणं अशक्यच असेल तर बसवा, एरवी नको. वीज गेली की संडास बंद. सेप्टिक टँक असेल तर वाढीव माणसं त्यात मावतात का, तेही आताच तपासा.

बाकीचं सोपं. प्रत्येक वळणावर चेंबर. पिण्याच्या पाण्याची लाइन सांडपाण्यापासून लांब आणि वरच्या पातळीला. विजेला मुख्य बोर्डावरून स्वतंत्र केबल. तिची जाडी भार आणि अंतर दोन्ही बघून इलेक्ट्रिशियनकडून ठरवून घ्या. दोन्ही घरांच्या खिडक्या समोरासमोर नकोत. साहित्य मागे कोणत्या वाटेने न्यायचं, तिची रुंदी टेपने मोजा.

आता काढा तो कागद आणि आखा खोल्या.

चर बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून गळती बघा. मग टेप शेजारी ठेवून प्रत्येक सांध्याचा फोटो काढा आणि रेघेपासूनची सगळी मापं लिहिलेला कागद नवीन घराच्या वीजबोर्डाच्या दाराला आतून चिकटवा.